हवापालट

वाकोल्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, आषाढातल्या रविवारी, कपड्यांच्या दोरीवर टॉवेल आणि शाळेचा गणवेश यांच्या मधोमध तळहाताएवढा एक काळपट स्पंज दोन चिमट्यांनी लटकत असतो. पाहुण्यांना तो भांडी घासायचा वाटतो. घरातल्या सौभाग्यवतींना तो कसला आहे हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच त्या त्याच्याकडे बघत नाहीत. तो १९८७ सालच्या यामाहा आरएक्स १००चा एअर फिल्टर आहे. शुक्रवारी धुतला, अजून वाळलेला नाही. तो वाळेपर्यंत गाडी निघणार नाही, आणि गाडी निघेपर्यंत घरातले गृहस्थ धड जेवणार नाहीत.

स्पंज न वाळण्यात त्याचा दोष नाही. मुंबईच्या हवामानाच्या बातम्या दोन ठिकाणांच्या नावाने सांगितल्या जातात, कुलाबा आणि सांताक्रूझ. त्यातलं ओलं ठिकाण बहुधा सांताक्रूझच. २६ जुलै २००५ला इथल्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. गंमत अशी, की एकेकाळी गावातले लोक याच बाजूला हवापालटाला येत. येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्यावर, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर, १९२४ साली गांधीजी विश्रांतीला राहिले ते इथून हाकेच्या अंतरावर, जुहूला. आता त्याच हवेत मेट्रोची, पुलांची आणि पाडकामाची धूळ मिसळलेली असते, आणि ती कुठल्या कापडातून गाळून घ्यावी यावर जुन्या जपानी गाड्यांचे मालक एकमेकांशी बोलणं सोडतात.

जुनी जपानी गाडी म्हणजे आपल्याकडे एक ठराविक खानदान. १९८३मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत’ नावाने आणली. पाठोपाठ १९८४ला इंड-सुझुकीची एएक्स १००, १९८५ला हिरो होंडाची सीडी १००, १९८६ला बजाजची कावासाकी केबी १००. म्हणजे तीन-चार वर्षांत चारही जपानी घराण्यांच्या मुली भारतात नांदायला आल्या. सीडी १०० गुणी निघाली. पेट्रोल भरा आणि विसरा ही तिची जाहिरात, आणि लोक तिला खरंच विसरले. म्हणून तिचं आज कुणी फारसं नाव काढत नाही. नाव निघतं ते नोव्हेंबर १९८५मध्ये आलेल्या आरएक्स १००चं. ९८ सीसी, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर, ताकद अकरा हॉर्सपॉवर. आजची साधी स्कूटरही कागदावर तिच्या जवळपास येते. पण आरएक्सवाल्याला हे सांगू नये. तो कागद मानत नाही, तो कान मानतो. १९९६मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि तेव्हापासून तिची किंमत चढतेच आहे. बरी अवस्था असेल तर लाखभर रुपये सहज सांगतात. ‘जपान इंजिन’ म्हटलं की त्याहून वर.

आपले गृहस्थ बँकेत आहेत, निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. गाडी वडिलांनी घेतलेली. तीन अक्षरी जुना नंबर, कारण ‘एमएच’ पाट्या यायच्या आधीची. बारा वर्षं ती जिन्याखाली झाकून होती. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत ती विकायची की ठेवायची असा प्रश्न निघाला, आणि गृहस्थांनी ‘नुसती चालू करून बघतो’ असं म्हटलं. घरात एखादं संकट येतं तेव्हा त्याचं पहिलं वाक्य साधारण असंच असतं.

चालू करायला आधी एअर फिल्टर बघावा, असं मिस्त्री म्हणाला. साईड पॅनल निघालं. आतल्या काळ्या प्लास्टिकच्या पेटीचं झाकण निघालं. गृहस्थांनी दोन बोटं आत घातली आणि ज्याला ते स्पंज समजले होते त्याचा बोटाखाली चुरा झाला, दिवाळी उलटून तीन आठवडे झालेल्या अनारशाचा होतो तसा, तेलकट आणि भुसभुशीत. त्याखाली एक झुरळ, मेलेलं. सुतळीचे आणि कागदाचे कपटे, म्हणजे उंदराने इथे संसार थाटून पाहिला होता. आणि त्या कपट्यांत पश्चिम रेल्वेच्या पासचा एक तुकडा, ज्यावर फक्त ‘चर्चगेट’ एवढंच वाचता येत होतं. वडिलांचा पास हरवल्यावरून एकदा घरात मोठं भांडण झालं होतं. गृहस्थ थोडा वेळ तसेच उकिडवे बसून राहिले.

“साहेब, हा चुरा कार्बोरेटरमध्ये गेला असणार,” मिस्त्री म्हणाला. “तोही उघडावा लागेल.”

कार्बोरेटर मिकुनीचा. त्याच्या तळाच्या वाटीला चार स्क्रू. गृहस्थांनी घरातला चौफुली पेचकस लावला, जोर दिला, आणि स्क्रूच्या डोक्याची चौफुली गोल झाली. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यापायी जगभर लाखो स्क्रू कामी आले आहेत. जुन्या जपानी गाड्यांचे स्क्रू दिसतात आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखे, पण ते तसे नसतात. जपानच्या जेआयएस या मानकाप्रमाणे त्यांची खाच वेगळ्या कोनाची असते. फिलिप्सचं टोक तिच्यात पुरतं बसत नाही आणि जोर लावला की निसटून वर येतं. पुष्कळदा स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, ती जपानी असल्याची खूण. ठिपका आहे हे माणसाला कळतं ते साधारण तिसऱ्या स्क्रूच्या वेळी. कपाळावर टिकली असूनही कुणी विचारावं ‘लग्न झालंय का’, तसा तो प्रकार.

असो. सुटे भाग आणायला सांताक्रूझच्या माणसाला लांब जावं लागत नाही, हे त्याचं भाग्य आणि घरच्यांचं दुर्दैव. कुर्ल्याहून कलिन्याला येणारा सीएसटी रोड आहे. सीएसटी म्हटलं की नवख्याला बोरीबंदरचं स्टेशन आठवतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही. हे सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८मध्ये ट्रॉम्बेपासून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत एक तेरा किलोमीटरची रेल्वे निघाली आणि १९३४मध्ये बंद पडली. रूळ गेले, नाव उरलं. सहा वर्षं चाललेल्या गाडीचं नाव नव्वद वर्षं सांभाळणाऱ्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचे भाग मिळावेत, हे योग्यच. दोन्ही बाजूंना गॅरेजं, काचवाले, सीटवाले, भंगारातून काढलेले दरवाजे, भिंतीला टेकवलेली बंपरांची रांग. दुचाकीच्या मालाची दुकानं त्यांतच घुसलेली.

तिथला संवाद सगळीकडे सारखा असतो. गृहस्थ विचारतात, आरएक्सचा एअर फिल्टर आहे का. दुकानदार वर न बघता म्हणतो, “जपान का चाहिए के लोकल?” जपानचा, असं म्हटल्यावर तो पोटमाळ्याकडे बोट करतो, एक पोरगा शिडीवर चढतो, आणि धुळीने माखलेलं एक पाकीट खाली येतं. “लास्ट पीस है, अंकल.” शेवटचा पीस घेऊन तुम्ही वळलात की पोरगा पुन्हा शिडीवर चढतो.

अशा वेळी शपथेवर विश्वास ठेवू नये, नंबर वाचावा. जपानी कंपन्यांनी सुट्या भागांना नंबर देताना एक शिस्त पाळली आहे, आणि ती एकदा कळली की माणसाला पोथी लागल्यासारखं होतं. यामाहाच्या नंबरात आधी मॉडेलची तीन अक्षरं, मग भागाचा पाच आकडी नंबर. एअर फिल्टरच्या आतल्या गाळणीचा नंबर १४४५१. गाडी शंभर सीसीची असो की हजाराची, मधले पाच आकडे तेच. होंडाचं उलटं: आधी भाग, मग मॉडेल. होंडाची गाळणी १७२१०, सुझुकीची १३७८०, कावासाकीची ११०१३. म्हणजे यामाहा शाळेच्या हजेरीपटासारखी आडनाव आधी लावते. होंडा आधी विचारते ‘काम काय करता’, आणि मग ‘कुणाकडचे’. पाकिटावर यामाहाचं नाव छापलेलं असून मध्ये १४४५१ नसेल, तर आत काहीही असू शकतं, एअर फिल्टर सोडून.

गृहस्थांच्या पाकिटावर १४४५१ होतं. कागद पिवळा पडलेला, छपाई जुनी, टोकाला स्टेपलचा गंज, सगळं अस्सल. ज्याला हौशी मंडळी ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणतात तो माल: त्या काळात बनलेला, कधीच न वापरलेला. नऊशे रुपये. स्पंजाच्या तुकड्याला नऊशे, हा आकडा घरी सांगताना त्यांनी त्यातलं शेवटचं शून्य गाळलं. गाळणीचीच वस्तू होती ती.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी पाकीट उघडलं. आत चुरा.

यात दुकानदाराने काही फसवलं नव्हतं. पिस्टन, गिअर, बेअरिंग या तेलात ठेवलेल्या वस्तू तीस वर्षांनीही नव्या असतात, स्पंज नसतो. तो पॉलियुरेथेनचा असतो, आणि हवेतला ओलावा त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडत नेतो. वापरा किंवा पाकिटात ठेवा, त्याचं वय होतच राहतं. आणि हे पाकीट तीसेक पावसाळे कलिन्याच्या पोटमाळ्यावर बसून होतं. अस्सल जपानी, अस्पर्श, सीलबंद चुरा. सौभाग्यवतींनी डोकावून पाहिलं आणि विचारलं, “हे खायचं आहे का?”

मग सुरू होतो निवडीचा अध्याय. आरएक्सवाल्यांमध्ये तीन पंथ आहेत आणि ते एकमेकांकडे पंगतीला बसत नाहीत.

पहिला पंथ शंकूवाल्यांचा. हे लोक एअर फिल्टरची आख्खी पेटी काढून फेकतात आणि कार्बोरेटरच्या तोंडावर थेट एक लाल, चकचकीत शंकू बसवतात. मूळ कल्पना अमेरिकेतली. के अँड एन हे नाव केनेथ जॉन्सन आणि नॉर्मन मॅक्डोनाल्ड या दोघांचं. कॅलिफोर्नियात मोटारसायकली विकता विकता त्यांनी तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर काढला, तो धुऊन पुन्हा वापरता येतो, आणि तो उत्तमच आहे. पण रस्त्यावर अडीचशे रुपयांना मिळणारा शंकू त्या दोघांचा नातेवाईकही नसतो. त्याच्या जाळीतून उजेड आरपार दिसतो. उजेड जातो तिथून सिमेंटही जातं.

परदेशात जुन्या जपानी गाड्यांवर शंकू का दिसतात, याचं एक कारण शंकूवाले सांगत नाहीत. १९६९ची होंडा सीबी ७५० घ्या. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर, आणि चौघांच्या मागे एकच हवेची पेटी, रबरी नळ्यांनी जोडलेली. पन्नास वर्षांत त्या नळ्या उडदाच्या पापडासारख्या कडक होतात. कार्बोरेटर एकदा बाहेर काढले की चारही तोंडं एकाच वेळी त्या नळ्यांत परत बसवणं म्हणजे चार हट्टी मुलांना एकदम स्वेटर घालणं. दोन रविवार त्यात घालवल्यावर सज्जन माणूसही पेटी भिरकावतो, शंकू लावतो, आणि मित्रांना सांगतो की ताकदीसाठी लावले.

ताकद वाढते का? आवाज वाढतो, तो मात्र नक्की. यामाहाचा इतिहास इथे कामी येतो. तोराकुसू यामाहा या माणसाने १८८७ साली हामामात्सूच्या एका शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, आणि त्यातून कंपनी उभी राहिली. तो ऑर्गन रीडचा, म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचाच थोरला भाऊ. मोटारसायकली निघाल्या १९५५मध्ये, आणि त्यांच्या टाकीवर आजही जे बोधचिन्ह असतं ते एकमेकांत गुंतलेल्या तीन सूरकाट्यांचं. आरएक्स आणि आरडीच्या इंजिनात हवा आत जाते तिथे जी पातळ पाती उघडमीट करतात त्यांचं नावही रीडच. एका फेऱ्याला एकदा आत घ्यायचं, लगेच मिटायचं. त्यांच्यामागे ती काळी प्लास्टिकची पेटी असते ती धूळ गाळायला तर असतेच, पण हवेचा एक स्थिर साठा म्हणूनही असते. पेटीचं पोट किती मोठं, तिच्या तोंडाशी नळी किती लांब, हे यामाहाच्या मंडळींपैकी कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. शंकूवाला काय करतो? तो बाजाच्या पेटीचा भाता काढतो, लाल फुंकणी लावतो, आणि म्हणतो आता सूर मोकळा लागेल.

सूर मोकळा लागत नाही, पातळ लागतो. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. मग कार्बोरेटरचा मेन जेट मोठा घालावा लागतो, सुई वर घ्यावी लागते, पायलट जेटही बघावा लागतो. हे न करता टू-स्ट्रोक गाडी पश्चिम द्रुतगती मार्गावर पिळली तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मागचं चाक जागच्या जागी थांबतं. मिस्त्री सिलिंडर बोअर करून ०.२५ मिलिमीटरने मोठा पिस्टन घालतो. पुन्हा धरला की ०.५०, मग ०.७५, मग १.००. त्यानंतर लाइनर बदला किंवा देवाला नमस्कार करा. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या, व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणाऱ्या कार्बोरेटरच्या गाड्या तर याहून लहरी. त्यांची पेटी काढली की नुसतं बाजूने वारं आलं तरी त्या रुसतात.

जेट बरोबर बसला की नाही हे प्लगच्या रंगावरून कळतं. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा कुळकुळीत म्हणजे जास्त, मधला तपकिरी म्हणजे ठीक. मिस्त्री प्लग काढतो, टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाशेजारी धरतो आणि निर्णय देतो. “दूध जास्त आहे.” या पद्धतीवर जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने हसू नये. फक्त टपरी बदलू नये.

दुसरा पंथ कागदवाल्यांचा. घडीघडीचा कागदी फिल्टर गाळण्यात सगळ्यांत काटेकोर, चारचाकीत तोच असतो. पण जुन्या टू-स्ट्रोकचा कार्बोरेटर मागच्या बाजूला तेल आणि पेट्रोलचा बारीक फवारा थुंकतो. त्यात सांताक्रूझची हवा. कागद ओला झाला की त्याचे श्वास बंद. भादव्यापर्यंत तो अळूच्या वडीसारखा दिसतो. या पंथात आता फारसे अनुयायी नाहीत.

तिसरा पंथ स्पंजवाल्यांचा, आणि प्रस्तुत लेखकाचं मत त्यांच्या बाजूने आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कंपनीने स्पंज दिला तो स्वस्त पडतो म्हणून असेल, पण धूळ आणि दमट हवा दोन्ही जिथे आहेत तिथे तेल लावलेल्या स्पंजासारखं दुसरं काही नाही. धूळ चिकटते ती तेलाला; स्पंज नुसता तिला वळणं घ्यायला लावतो. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. सांताक्रूझहून बोरिवलीला जाऊन परत आलं की साधारण एवढी हवा त्या तळहाताएवढ्या तुकड्यातून जाते, मधल्या सगळ्या खोदकामासकट.

मात्र स्पंज कुठला, यातही मेख आहे. मिस्त्री लोक गादीचा फोम कापून घालतात. त्याची भोकं एकसारखी उघडी नसतात आणि पेट्रोलच्या वाफेने तो चिघळतो. भांडी घासायचा स्पंज त्याहून वाईट. लागतो तो फिल्टरसाठीचा, सगळी भोकं आरपार उघडी असलेला फोम, ज्याची जाड-बारीक वीण इंचातल्या भोकांवर मोजतात. तो मीटरवर मिळतो, कात्रीने कापता येतो, आणि नऊशे रुपयांत तुमच्या नातवाच्या गाडीलाही पुरतो. धुताना पिळू नये. धुण्याचा पिळा मारला की तो फाटतो. दोन तळहातांत दाबावा. पूर्ण वाळवावा, मग तेलात भिजवून पुन्हा दाबावा, इतका की तेल ठिबकू नये पण बोटाला लागावं. अळूला बेसन लावतात तेवढं, असं एका मिस्त्रीने सांगितलं. तो मूळचा सावंतवाडीचा होता.

एक सूचना फक्त या भागासाठी. जोरदार पावसात मिलन सबवेतून गाडी घालू नये. पाणी साठू नये म्हणून महापालिकेने पंप बसवले, शेजारच्या मैदानाखाली साठवण टाकी बांधली, वरून पूलही झाला, तरी आरएक्सवाल्याला खालूनच जायचं असतं, कारण मागे आवाज छान घुमतो. फिल्टरच्या पेटीच्या तोंडापर्यंत पाणी आलं की इंजिन हवेऐवजी तेच पितं. मग रस्त्याच्या कडेला गाडी आडवी, प्लग बाहेर, आणि किक मारणाऱ्याच्या अंगावर प्लगच्या भोकातून पिचकारी. शिमग्याला बरं दिसतं, जुलैत नाही.

गृहस्थांना आता गाडीवर ‘व्हिंटेज’ लिहायचं आहे. त्याला वेळ आहे. केंद्राने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले: पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, मूळ स्वरूपात, इंजिनात मोठे बदल नकोत, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला मनाई. १९८७च्या आरएक्सची पन्नाशी भरेल २०३७मध्ये. तोवर ती कायद्याने नुसती जुनी आहे, गृहस्थांसारखीच.

स्पंज मंगळवारी वाळला. तेल लागलं, पेटीत बसला, गाडी चौथ्या किकला सुरू झाली आणि जिन्यात निळसर धूर भरला. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी गॅस लीक झाला का म्हणून ओरडलं. पण झाकण नीट बसत नाही. त्याची एक क्लिप तुटली आहे, आणि सध्या तिथे सौभाग्यवतींच्या केसांचं रबर आहे. स्पंज कुठेही मिळेल. अस्सल पेटी आणि तिचं झाकण मात्र सहजासहजी मिळत नाही, कारण शंकूच्या नादात ज्याने त्याने ती काढून भंगारात दिली. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, जिन्याखाली किंवा गावच्या पडवीत काळ्या प्लास्टिकची अशी पेटी पडलेली असेल, तर फेकण्याआधी तिच्यावरचा नंबर वाचा. आत रेल्वेचा पास सापडला तर तो तेवढा काढून ठेवा.